बेताची ऊब

मे महिन्यात भर दुपारी आंबा घाट चढू नये, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी रत्नागिरीहून निघायला उशीर झाला आणि साखरपा मागं पडलं तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आलं होतं. गाडीत मी, माझी मुलगी आणि मागच्या सीटवर हापूसच्या दोन पेट्या. पुढं जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक. त्याला ओलांडायला जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या गिअरवर त्याच्या मागोमाग चढत होते. एरवी कायम तळाशी पडून असणारा टेंपरेचरचा काटा हलला. बघता बघता मध्यावर आला, मध्य ओलांडला आणि लाल रेघेला टेकला. थांबायचं तर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, मागं गाड्यांची रांग. दोन वळणं तशीच काढली आणि काटा आपणहून खाली उतरला.

"आई, उतरला काटा," मुलगी म्हणाली. मलाही हायसं वाटलं. पण पुढच्याच वळणावर इंजिनाचा आवाज बदलला. खडे वाजावेत तसा खडखडाट, पाय दाबला तरी ओढ नाही, आणि वास. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा. रस्ता जरा रुंद झाला तिथं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

काटा का उतरला, ते बॉनेटखालून येणारी वाफ बघून कळलं. ज्या सेन्सरवर तो काटा चालतो, तो पाण्यात बुडालेला असतो. पाणी आहे तोवर तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच निघून गेलं की तो नुसत्या वाफेत लोंबकळतो, आणि काटा खाली येतो. इंजिन मात्र त्या वेळी सगळ्यात जास्त तापलेलं असतं. म्हणून चढाला वर गेलेला काटा चढ संपायच्या आत अचानक खाली आला, तर ती सुटका मानू नये. ताबडतोब थांबावं.

थांबल्यावरचं पहिलं काम म्हणजे काहीही न करणं, आणि तेच सगळ्यात अवघड. एक भला माणूस मोटारसायकल थांबवून गार पाण्याची बाटली घेऊन आला. "ओता की बाई वरनं, लगेच निवंल." मी नको म्हटलं. इंजिनाचं हेड अल्युमिनियमचं. लाल झालेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या झालेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर धातू एका जागी आकसतो, शेजारी फुगलेलाच राहतो, आणि हेडला चीर जाते. रेडिएटरचं झाकण तर त्याहून वाईट. आत दाबाखाली अडकलेलं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर येतं. झाकण उघडताना हात आणि चेहरा भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. आम्ही पाऊण तास सावलीत बसलो. मग फडक्यातून वरचा होज पाइप दाबून पाहिला. मऊ लागला, म्हणजे आत दाब उरला नव्हता. फडकं घालून झाकण अर्धा आटा फिरवलं, थांबले, मग काढलं. पाणी थोडं थोडं करून ओतत गेले. अडीच लिटर मावलं. या गाडीच्या पोटात सगळं मिळून चार लिटरसुद्धा पाणी नसतं.

मलकापूर, बांबवडे, वाघबीळ असे थांबे घेत, प्रत्येक ठिकाणी गाडी निवू देत आणि पाणी बघत आम्ही रात्री कोल्हापुरात पोचलो. गाडी १९९७ सालची मारुती ८००, तीन वर्षांपूर्वी मी जुनीच घेतलेली. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजला न नेता पोर्चमध्ये उभी केली आणि मनाशी ठरवलं की हे पाणी कुठं गेलं आणि का गेलं, ते मीच शोधणार. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हे धाडस शाळेतून आलेलं नव्हतं. ते मळ्यातल्या इंजिनाकडून आलं होतं.

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या मळ्यात, नदीकाठी, साताऱ्याच्या कूपर कारखान्याचं ऑइल इंजिन होतं. संथ चालीचं, जड चाकाचं. ते चालू झालं की त्याचा ठेका गावात ऐकू यायचा. त्याला रेडिएटर नव्हता. पंप नदीतून जे पाणी उचलायचा, त्यातलीच एक करंगळीएवढी धार बारीक पाइपानं इंजिनाच्या पोटात सोडलेली असायची. ती सिलिंडरभोवती फिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायची आणि पाटाला मिळायची. थंडीच्या दिवसांत आम्ही भावंडं त्या धारेखाली अंघोळ करायचो. नदीचं पाणी अंगाला झोंबायचं, आणि हे तेच पाणी इंजिनातून फिरून आलं की उबदार व्हायचं.

आण्णा दर थोड्या वेळानं त्या धारेखाली हात धरायचे. मलाही धरायला लावायचे.

"सोसतंय का?"

"सोसतंय. पण लई वेळ न्हाई."

"मग बरोबर हाय."

पाणी चटका द्यायला लागलं की ते नदीत उतरून फूटव्हॉल्वची जाळी बघायचे. तिच्यात शेवाळ नाहीतर पाला अडकलेला असायचा. हे मला कळत होतं. कळलं नव्हतं ते दुसरं. एकदा धार अगदी गार लागली. मला वाटलं, किती छान, इंजिन थंड चाललंय. आण्णांनी पितळी कॉक फिरवून धार बारीक केली आणि म्हणाले, "गार इंजिन तेल लई पितंय आणि आतनं झिजतंय." त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्या वाक्यामागचं कारण मला पुढं पुस्तकांतून कळलं. गार सिलिंडरमध्ये इंधनाची नीट वाफ होत नाही. न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढतं. जळण्यातून तयार होणारी पाण्याची वाफ गार भिंतीवर जमून तेलात उतरते. शिवाय इंजिनाचे सगळे भाग आपापल्या मापाला येतात ते तापल्यावरच. तेव्हा इंजिनाला थंड ठेवायचं नसतं. त्याला बेताची ऊब लागते, आणि ती राखण्यासाठी आण्णांचा एक हात धारेखाली आणि दुसरा कॉकवर असायचा.

गाडीच्या इंजिनातही हाच खेळ आहे, फक्त नदी नाही. पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं, आणि अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळ मानानं एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, तेवढाच सायलेन्सरमधून निघून जातो, आणि उरलेला पाण्याला उचलावा लागतो. चार लिटरपेक्षा कमी पाणी, पण ते सारखं फिरत असतं. पंप, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात, ते पाणी इंजिनात ढकलतो. तापलेलं पाणी वरच्या होजमधून रेडिएटरच्या माथ्यावर येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याला उष्णता देतं आणि खालच्या होजमधून पुन्हा पंपाकडे जातं.

सुरुवातीच्या मोटारींना ही सोय नव्हती. १८८८ साली बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला पतीनं बनवलेल्या मोटारीतून गेली, तेव्हा त्या गाडीतलं पाणी उकळून उडून जायचं आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागायचं. जगातला तो पहिला लांबचा मोटारप्रवास, आणि त्यातही माणसं गाडीसाठी पाणी शोधत होती. पुढं विल्हेल्म मायबाखनं मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. पहिल्या मर्सिडीजला बसवलेल्या त्या रेडिएटरमध्ये ८०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. पाणी बारीक बारीक वाटलं गेलं की त्याला जास्त वारा भेटतो. आंबा घाटात माझी गाडी जिथं अडली होती, तेही या बारीक वाटांपाशीच. पण हे कळायला मला चार रविवार लागले.

पहिला रविवार नुसता बघण्यात गेला. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. गाडी गरम होते म्हटल्यावर हात लगेच पान्याकडे जातो आणि काहीतरी बदलावंसं वाटतं. त्याआधी स्वतःला विचारावं की गाडी गरम होते ती नेमकी कधी? बाजारातल्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याकडे बघावं. शहरात ठीक असते आणि चढाला किंवा वेगाला तापते, तर पाण्याची वाट कुठंतरी अडली आहे. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा लाल रेघेला जातो, तर एक तर पाणी नाही किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व, बंद अवस्थेत अडकला आहे. आणि पाणी रोज कमी होतं पण जमिनीवर एक थेंब दिसत नाही, तर ते इंजिनाच्या आत जातंय, म्हणजे हेड गॅसकेटची शंका. माझी गाडी महाद्वार रोडच्या गर्दीत कधी तापली नव्हती. ती चढाला तापली.

पाण्यानं आपले माग ठेवले होते. मी वर्षानुवर्षं गाडीत घरच्या बोअरचं पाणी ओतत आले होते. बोअरचं पाणी जिथून झिरपलं, तिथं ते उडून गेलं आणि क्षार मागं राहिले. खालच्या होजच्या क्लॅम्पपाशी पांढरी कड होती. रेडिएटरच्या झाकणाखालून पांढरे ओघळ आले होते. झाकण काढून पाहिलं तर आतलं रबर वाळक्या चामड्यासारखं कडक झालेलं. हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आणि रिंग दोन्ही. आमच्या झाकणावर ०.९ असा आकडा होता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाब होईपर्यंत त्यानं वाफ अडवायची. तेवढ्या दाबाखाली पाणी सुमारे ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि पाणी शंभर अंशांपाशीच उकळायला लागतं. आमच्या कोल्हापूरच्या उंचीवर तर ९८ अंशांनाच. झाकणाला दुसरी एक बारीक झडप असते. इंजिन निवताना ती शेजारच्या ओव्हरफ्लो बाटलीत गेलेलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेते. ती अडकली तर गार गाडीचा वरचा होज पिळल्यासारखा चपटा दिसतो. आमचा चपटा नव्हता. झाकण आणि खालचा होज बदलायच्या यादीत गेले.

पण तिथंच थांबणं चुकीचं ठरलं असतं. झाकण खराब होतं म्हणून पाणी गेलं, हे खरं. पण ते उकळलं का? नवं झाकण बसवून पुन्हा घाटात गेले असते, तर पाणी जरा उशिरा उकळलं असतं, इतकंच. पहिलं कारण सापडल्यावर पुढचं शोधणं सोडून द्यावंसं वाटतं. दुरुस्ती तिथंच फसते.

दुसऱ्या रविवारी पंखा आणि पंप तपासले. घाटात ओझं जास्त आणि वेग कमी, त्यामुळे पंख्यावर शंका ठेवणं भागच होतं. इंजिन चालू ठेवून वाट पाहिली. पंखा लागेना. मग पंख्याचा जोड सुटा करून बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या. मोटर लगेच फिरली. थर्मो स्विचच्या वायरीची दोन टोकं एकमेकींना जोडली, तेव्हाही फिरली. म्हणजे मोटर, फ्यूज, रिले सगळं ठीक. मग पंखा आपोआप का लागत नव्हता? स्विच खराब असेल, किंवा पाणी पंखा लागण्याइतकं तापतच नसेल. हा धागा मी तसाच ठेवला. पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं. ते कोरडं होतं. पट्टा सैल करून पुली हलवली, खेळ नव्हता. पट्टा पुन्हा ताणला, अंगठ्यानं दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबेल इतका.

हे करताना ओढणी घरात ठेवली होती आणि केस बांधलेले होते. पंख्यापाशी हात घालायचा असेल तेव्हा मी त्याचा जोड आधी सोडते. काही गाड्यांत किल्ली काढलेली असली तरी गरम इंजिनाचा पंखा अचानक सुरू होतो.

तिसऱ्या रविवारी पाणी काढलं. खाली घमेलं ठेवलं होतं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आलं, तळाशी विटकरी गाळ. मग व्हॉल्वची हाउसिंग उघडायला घेतली. पाण्याच्या संगतीत गंजलेले बोल्ट. त्यांच्यावर जोर केला तर मान तुटते आणि उरलेला तुकडा आतच बसतो. तेल सोडून तासभर थांबले, मग दहा नंबरच्या रिंग पान्यानं थोडं सोडवायचं, थोडं परत आवळायचं, असं करत बोल्ट बाहेर काढले. झाकण उचललं आणि आत बघत राहिले. आत काहीच नव्हतं. व्हॉल्व कधीतरी कोणीतरी काढून टाकला होता.

उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री आमच्या ओळखीचे. आण्णांच्या इंजिनाची कामं त्यांच्या वडिलांकडे असायची. त्यांना फोन केला.

"बाई, निम्म्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व न्हाईच सापडायचा," ते म्हणाले. "आपल्याकडं कशाला लागतोय, काश्मिरात ऱ्हातोय व्हय, असं म्हणून काढून टाकत्यात."

"तुम्ही काढता?"

"पोरगा होतो तवा काढायचो. आता न्हाई काढत. व्हॉल्व काढून रोग झाकतोय, बरा हुईत न्हाई."

व्हॉल्व काढायच्या या सवयीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तिच्यामागचा विचार सरळ वाटतो. वाटेतला अडसर काढला, पाणी मोकळं वाहिलं, गाडी थंड राहिली. पण व्हॉल्व हा अडसर नाही, तो राखणदार आहे. मोकळं सुटलेलं पाणी इंजिनाला शहरातल्या छोट्या फेऱ्यांत कधी पुरतं तापूच देत नाही. आता माझ्या तीन वर्षांच्या सगळ्या गोष्टी एकेक करून जागेवर बसल्या. काटा कायम तळाशी असायचा आणि मला वाटायचं, गाडी किती छान थंड चालते. पंखा कधी लागायचा नाही, कारण पाणी तेवढं तापायचंच नाही. लिटरमागे किलोमीटर कमी पडायचे, सकाळी चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागायचा, ऑइल लवकर काळं पडायचं. आण्णांनी धारेखाली माझा हात धरून जे सांगितलं होतं, तेच माझी गाडी मला तीन वर्षं सांगत होती. काट्याकडे रोज बघत असूनही मला ते वाचता आलं नाही. आणि व्हॉल्व नसल्यामुळे दुसरंही एक झाकलं गेलं. रेडिएटर हळूहळू बुजत होता, पण शहरात पाणी इतकं गार राहायचं की त्याची चाहूल लागली नाही. ती घाटात एकदम लागली.

नवा व्हॉल्व आणला. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. मेण वितळताना फुगतं, आतली दांडी ढकलतं आणि तबकडी उघडते. वीज नाही, वायर नाही, मेणाच्या फुगण्यावर सगळा कारभार. आमच्या व्हॉल्ववर ८२ कोरलेलं होतं. नवा असला तरी मी तो तपासल्याशिवाय बसवत नाही. एक जुनं पातेलं, जे पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही असं, गॅसवर ठेवलं. व्हॉल्वच्या बंद तबकडीच्या फटीत दोऱ्याचं टोक अडकवून तो पाण्यात लोंबता सोडला, दोरा पळीला बांधला. शेजारी प्रयोगशाळेतला थर्मामीटर. मुलगी आकडे वाचत होती. ७०, ७५, ८०. ८२ च्या जरा पुढं फट उघडली, दोरा सुटला आणि व्हॉल्व टपकन तळाशी पडला. पाणी उकळायच्या आत तबकडी पुरी उघडली होती. गॅस बंद केला. पाणी निवलं तशी ती हळूहळू मिटली. मुलीनं तो प्रयोग पुन्हा करायला लावला. मीही आनंदानं केला.

चौथा रविवार रेडिएटरचा. व्हॉल्व बसवून, साधं पाणी भरून इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं, पंख्याचा जोड सोडला. मग एक ओलं फडकं रेडिएटरवरून समोरून फिरवलं आणि बघत राहिले. गरम नळ्यांवरचा ओलावा चटकन उडाला. पण उजव्या कडेला चार बोटं रुंदीचा पट्टा आणि खालचा कोपरा तसाच ओला राहिला. जरा निवल्यावर हात लावून खात्री केली. शेजारचा भाग चटका देत होता आणि हा पट्टा कोमट. तिथून पाणी जातच नव्हतं. जवळजवळ तिसरा हिस्सा रेडिएटर आतून मेलेला. बाहेरून जाळीतही उसाच्या पाचटाचा भुगा, धूळ आणि किडे ठासून बसले होते. ते मऊ ब्रशनं आणि इंजिनाच्या बाजूनं सोडलेल्या पाण्याच्या हलक्या धारेनं निघाले. आतले क्षार मात्र घरी निघण्यासारखे नव्हते. बाग शिंपायची नळी खालून लावून उलटं पाणी सोडलं, गाळ आला, पट्टा उघडला नाही.

घरच्या दुरुस्तीची हद्द मी इथं मानते. आमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, म्हणून तो वाचू शकला. उद्यमनगरातल्या रेडिएटरवाल्यांनी डाख काढून वरची टाकी सोडवली आणि उघड्या पडलेल्या नळ्या मला दाखवल्या. आमच्या बाथरूममधल्या बादलीच्या तळाशी बसतो तसाच पांढरा थर, एकेका नळीचं तोंड बुजवून बसलेला. बोअरच्या पाण्याचा तो हिशेब होता आणि ते पाणी मी स्वतः ओतलं होतं. त्यांनी एकेका नळीतून पोलादी पट्टी घालून रॉडिंग केलं, पुन्हा डाख दिला, हौदात बुडवून हवा मारली. एक बुडबुडा आला नाही, तेव्हा रेडिएटर माझ्या हातात दिला.

या सगळ्यात एक भीती मनात ठेवूनच काम चाललं होतं. घाटात इंजिन एवढं तापलं, तर हेड गेलं असेल का? ऑइलचं झाकण उघडून आत ताकासारखा फेस आहे का पाहिलं. नव्हता. तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी मांडले. पाणी जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा, धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. तिन्ही सारखे होते. रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू केलं. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते अडकलेल्या हवेचे. ते थांबले नाहीत, उकळी फुटल्यासारखे येतच राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय असं समजावं. आमचे थांबले. न थांबते, तर हेड उतरवून पोलादी पट्टी आणि फीलर गेजनं त्याची सपाटी मोजावी लागली असती. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. माणसाच्या केसाहूनही कमी. मग हेड फेस करून आणायचं, नवं गॅसकेट घालायचं आणि बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं टॉर्क पान्यानं आवळायचे. पाऊण तास सावलीत बसल्यामुळे ते सगळं टळलं असावं, असं मला वाटतं.

शेवटी कूलंट भरलं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. आता गाडीत बोअरचं पाणी कधीही जात नाही. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं, पण आपल्याकडे त्याचं मोठं काम गंज आणि क्षार थांबवणं हे आहे. ते चवीला गोड आणि तितकंच विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. म्हणून घमेल्याबाहेर गेलेला थेंब न थेंब मी धुऊन पुसून काढते, आणि जुनं कूलंट कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवते.

गाडीचं तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. भरताना आत कुठंतरी हवा अडकतेच. ती बाहेर निघायला उंच जागा लागते. खालच्या, गार पाण्याच्या होजला हात लावला, गार. वरच्या होजला हात लावला, तोही गार. व्हॉल्व मिटलेला होता आणि इंजिन आपल्यापुरतं पाणी आतल्या आत फिरवत तापत होतं. काटा उठला, तीन वर्षांत पहिल्यांदा शहरात उठला, आणि मध्याच्या जरा खाली येऊन थांबला. मी वरच्या होजवर तळहात ठेवून उभी राहिले. मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग रबराखालून ऊब आली. आधी कोमट, मग पसरत पसरत गरम. व्हॉल्व उघडला होता. रेडिएटरमधली पातळी एकदम खाली गेली, तिथं आणखी कूलंट ओतलं. थोड्या वेळानं पंखा लागला, आपणहून, आणि मिनिटभरानं आपणहून बंद झाला.

मुलगी शेजारी उभी होती. तिचा हात घेऊन होजवर ठेवला.

"सोसतंय का?" मी विचारलं.

तिनं थोडा वेळ हात तसाच ठेवला आणि मग काढला. "सोसतंय. पण फार वेळ नाही."

झाकण लावलं, आवळलं, आणि आम्ही दोघी पन्हाळ्याचा चढ चढायला निघालो.